वाय-फायवरून दांडी उभी ठेवताना

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी मी उलटा लंबक घेतला होता. रुळावर पुढेमागे धावणारी छोटी गाडी, तिच्यावर 30 सेंटीमीटरची हलकी दांडी आणि दांडीच्या टोकाला वजन. सगळं वायरने जोडलेलं असताना दांडी सुरेख उभी राहायची. मग कंट्रोलर, म्हणजे दांडीची मापं पाहून गाडीची मोटर चालवणारा भाग, शेजारच्या खोलीत नेला, मध्ये वाय-फाय आणलं आणि खरं काम सुरू झालं.

सकाळी लॅब रिकामी असताना सगळं ठीक. दुपारच्या सुट्टीत कॉरिडॉर मोबाइलवाल्यांनी भरला की दांडी पडायची. पिंगची (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेची) सरासरी मात्र दोन्ही वेळी जवळपास सारखीच! म्हणून सरासरीचा नाद सोडून प्रत्येक पॅकेटचा, म्हणजे मापं नेणाऱ्या डेटाच्या छोट्या गठ्ठ्याचा, लॉग काढला. दर 20 मिलिसेकंदांना एक पॅकेट निघत होतं. बहुतेक वेळेवर पोचत होती, पण मधूनच ओळीने आठ-दहा गायब.

या दांडीचा तोल एका सॅम्पलमध्ये, म्हणजे दोन मापांमधल्या 20 मिलिसेकंदांत, साधारण 1.12 पट बिघडतो. सिनोपोली आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या शोधनिबंधातला निकष लावला, तर पॅकेट हरवण्याची शक्यता 1 भागिले 1.12 चा वर्ग, म्हणजे सुमारे 80 टक्के, याहून कमी असली की दांडीच्या स्थितीच्या अंदाजातली चूक सरासरीने आटोक्यात राहते. माझी पॅकेटं तर त्यामानाने फारच कमी हरवत होती. पण हा निकष प्रत्येक पॅकेट स्वतंत्रपणे हरवतं असं धरतो. सलग दहा गेली की 200 मिलिसेकंद काहीच दिसत नाही आणि तेवढ्यात चूक तिप्पट होते. रूळ संपायला तेवढं पुरतं.

आधी डेटा पाठवण्याची टीसीपी ही पद्धत काढून यूडीपी घेतलं, त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही. टीसीपी हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवतं आणि ते येईपर्यंत त्यामागची ताजी मापं अडवून ठेवतं. इथे शिळ्या मापाचा उपयोग नाही. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक टाकला, नवं येऊन गेलं असेल तर जुनं सरळ टाकून दिलं. माप आलंच नाही तर कालमन फिल्टर हे स्थिती ओळखण्याचं गणित मॉडेलवरून, म्हणजे गाडी-दांडीच्या हालचालीच्या समीकरणांवरून, अंदाज बांधतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मोटरच्या बाजूने. किती व्होल्टेज द्यायचा ही कंट्रोलरची कमांड आली नाही तर काय करायचं? शेवटचा व्होल्टेज तसाच धरला की गाडी सुसाट जाऊन रुळाच्या टोकाला धडकायची, लिमिट स्विच टक्‌कन वाजायचा आणि दांडी आडवी. शून्य दिला तर गाडी थांबायची आणि दांडी कलंडायची. सर म्हणाले, "अगं, कंट्रोलरकडे मॉडेल आहे ना? मग एकच आकडा कशाला पाठवतेस?"

तेव्हापासून प्रत्येक पॅकेटमधून पुढच्या दहा सॅम्पलचे व्होल्टेज जातात. नवं पॅकेट आलं की जुनी यादी रद्द, नाही आलं तर यादीतला पुढचा आकडा. दुपारच्या गर्दीतही दांडी टिकली, तो दिवस माझ्यासाठी फार मोठा होता. एन्कोडरच्या (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या) आलेखात पॅकेट गेल्या जागी बारीक उसळी दिसते आणि विरते.

यादी संपली तर मात्र मोटर बंद. रुळाचं घर्षण मॉडेलमध्ये नीट बसलेलं नाही, त्यामुळे 200 मिलिसेकंदांपलीकडच्या अंदाजावर गाडी पळवायला मी तयार नाही.