स्पर्धेची काडतुसे प्रवासात न्यायची कशी? माझा अनुभव

पॉइंट बावीस (०.२२ इंची) रायफलची स्पर्धेची काडतुसे प्रवासात कशी न्यावीत, या विषयावर नेमबाजीच्या रेंजवर फारसे कोणी बोलत नाही. रायफलची पेटी कोणती घ्यावी, आतला फोम किती जाड असावा, कुलूप कुठले चांगले, यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. काडतुसांबद्दल मात्र "डब्या बॅगेत ठेवा आणि परवाना जवळ ठेवा" एवढ्यावर बोलणे संपते. एका मोठ्या विमानतळाच्या काउंटरवर माझ्या काडतुसांचे जे झाले, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि तो जाईपर्यंत थांबले तर हे लिहून होणार नाही, म्हणून आताच लिहीत आहे.

कोल्हापुरात हा विषय कामाचा आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हापासून आमच्याकडच्या मुलींना रायफल हा परका खेळ वाटेनासा झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभ्याने अशा तीन स्थितींचे) कांस्यपदक जिंकले, आणि त्यानंतर दुधाळीच्या रेंजवर मुलांना घेऊन येणारे पालक मला वरचेवर भेटू लागले. ही मुले एअर रायफलवरून पॉइंट बावीसवर येतील, तेव्हा छर्ऱ्यांच्या डबीऐवजी त्यांच्या हाती खरी काडतुसे असतील, आणि तेथून पुढे त्यांचा प्रत्येक प्रवास वेगळा होईल.

सुरुवातीला मला घरातूनच एक सल्ला मिळाला होता. आमच्याकडे आजोबांचा चामडी काडतूसपट्टा आहे. दाजीपूर-राधानगरीचे रान एकेकाळी संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले होते, आणि आमच्या भागातल्या जुन्या घरांमधून अशा वस्तू अजून सापडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्या पट्ट्याला काम उरले नाही. "तोच वापर की," असे काकांनी मला प्रेमाने सुचवले. मी तो नीट पाहिला आणि बाजूला ठेवला. शिकाऱ्याची गरज वेगळी असे. काडतूस हाताला चटकन लागावे, चालताना खुळखुळू नये आणि रानात पडून हरवू नये, एवढे त्या पट्ट्याने साधत असे. परंतु कमावलेल्या चामड्यातील आम्लामुळे पितळेवर हिरवट थर चढतो, आणि पट्ट्याच्या घरांत बरेच दिवस राहिलेल्या पुंगळ्यांवर (काडतुसांच्या पितळी नळ्यांवर) तो स्पष्ट दिसतो. असे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीत ते जेथे बसते त्या जागी, अडू शकते. शिवाय पट्ट्यात गोळीचे टोक उघडे राहते, आणि आमच्या खेळात सर्वांत जास्त जपायचे असते ते हेच टोक.

याचे कारण सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा प्रकार त्यावरच अवलंबून आहे. पॉइंट बावीसची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते. ती मऊ शिशाची असून तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर दिलेला असतो. नखाने दाबले तरी शिशावर ओरखडा उठतो, आणि खिशातली धूळ त्या थराला चिकटली की ती थेट नळीत जाते. ५० मीटरवरच्या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, त्यामुळे टोक किंचित दबलेली गोळीही गुण घालवू शकते. याहून महत्त्वाची गोष्ट लॉटची, म्हणजे कारखान्यात एका खेपेला बनलेल्या काडतुसांची. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट एकाच रायफलमधून लक्ष्यावर छिद्रांचे वेगवेगळे, कमी-जास्त पसरलेले गट पाडतात, म्हणून नेमबाज लॉट तपासून घेतो आणि जो आपल्या नळीला मानवतो तो स्पर्धेसाठी राखून ठेवतो. हा लॉट क्रमांक फक्त डबीवर छापलेला असतो. काडतुसाच्या बुडावर कंपनीची खूण असते, लॉटची नसते.

आता त्या काउंटरकडे येते. दिल्लीला तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंह रेंजवर स्पर्धा होती, आणि वेळ वाचावा म्हणून मी रेल्वेऐवजी विमानाचे तिकीट काढले होते. विमान कंपनीला आधी कळवलेले होते, परवान्याची मूळ प्रत, तिच्या छायाप्रती, राज्य संघटनेचे पत्र आणि स्पर्धेच्या प्रवेशाचा कागद असे सर्व एका फाइलमध्ये होते. रायफलचा बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) काढून दाखवला, चेंबर रिकामे असल्याची खात्री झाली, पेटीला कुलूप लागले, येथपर्यंत कोणतीही अडचण आली नाही. काडतुसे मी वेगळ्या, कुलूपबंद पेटीत घेतली होती. वर स्पर्धेच्या लॉटच्या डब्या होत्या आणि खाली सरावाच्या लॉटच्या. दोन्ही एकाच कंपनीच्या होत्या, कारण दोन्ही दिवशी रायफलचा स्वभाव सारखा राहावा असा माझा प्रयत्न असतो.

तेथील कर्मचाऱ्याने प्रथम वजन विचारले. विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवाशाला चेक-इन सामानातून, घट्ट बंद खोक्यात, खोक्यासह ५ किलोपर्यंत काडतुसे नेता येतात, आणि दोन प्रवाशांची मर्यादा एकत्र करून एकच खोके करता येत नाही. माझ्या काडतुसांचे वजन त्याच्या निम्म्याच्याही खाली होते. मग त्याने नग विचारले, कारण परवान्यावरची मर्यादा नगांत लिहिलेली असते. मी नग सांगितले. "मॅडम, मोजल्याशिवाय मी सही करू शकत नाही," असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे मला त्या क्षणी योग्यच वाटले. मी म्हणाले, "साहेब, प्रत्येक डबीत पाच रांगा आहेत आणि एका रांगेत दहा, झाकण सरकवून वरूनच मोजा." त्याने मान हलवली, परंतु त्याच्या शेजारच्या सहकाऱ्याने तोवर एक डबी उलटी करून सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये रिकामी केली होती. मी दुसरे वाक्य बोलेपर्यंत त्याच ट्रेमध्ये आणखी एक डबी पडली, आणि ती दुसऱ्या लॉटची होती.

त्या ट्रेमध्ये आधीच कोणाच्या तरी पट्ट्याची आणि बुटांची धूळ होती. शंभर काडतुसे एकमेकांवर घासत, टोकांवर टोके आपटत पडली, आणि ती मोजण्यासाठी हाताने इकडून तिकडे सरकवली गेली. पॉइंट बावीसमध्ये पेट घेणारे रसायन बुडाच्या कडेत भरलेले असते, म्हणून काडतुसे अशी कठीण पृष्ठभागावर ओतणे हा सुरक्षेच्या नावाखाली केलेला बेफिकीरपणा होता, असे माझे आजही स्पष्ट मत आहे. धोकादायक मालाच्या ज्या वर्गात ही काडतुसे मोडतात, त्या १.४एस वर्गाचा अर्थच असा आहे की काही बिघडले तरी परिणाम खोक्याच्या आत राहावा, आणि येथे तपासणीनेच खोके रिकामे केले होते. मी तिसरी डबी हातात धरून ठेवली आणि ती देणार नाही, असे सांगितले. माझा आवाज चढला होता. मागच्या रांगेतले प्रवासी "काडतुसे" हा शब्द ऐकून दूर सरकले, एका आजीबाईंनी नातवाला जवळ ओढले, आणि मला एका बाजूला उभे राहण्यास सांगण्यात आले.

बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले असेल त्यालाच कळेल. वरिष्ठ येतील असे सांगितले गेले, परंतु ते दुसऱ्या टोकाला होते. काउंटर बंद होण्याची वेळ समोरच्या फलकावर जवळ येत होती, ट्रे माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्याला हात लावण्याची मला परवानगी नव्हती. लॉट म्हणजे काय, हे मी तीन वेगवेगळ्या व्यक्तींना समजावले. "सगळी सारखीच तर दिसतात," हे उत्तर मला तिघांकडून मिळाले, आणि ते दिसण्यापुरते खरेही होते. अखेर वरिष्ठ आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, माझ्या हातातली डबी मागितली नाही, उरलेल्या डब्यांची झाकणे मला स्वतःला सरकवायला सांगितली, रांगा वरून मोजल्या आणि सही केली. या सगळ्याला मिनिटे किती लागली असतील? फारच थोडी. आधीचा सर्व वेळ केवळ काडतुसे ओतण्यात आणि त्याचा खुलासा करण्यात गेला होता. ट्रेमधली शंभर काडतुसे मी एकेक उचलून रिकाम्या डब्यांत भरली, आणि त्यांतले कुठले कुठल्या लॉटचे हे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता.

दिल्लीत मी मोजणीच्या ६० फैरी वाचवलेल्या डब्यांतून झाडल्या आणि साइटिंगसाठी (मोजणीआधी नेम जुळवून घेण्याच्या फैरींसाठी) सरावाचा लॉट वापरला. असे करणे मला अजिबात आवडत नाही, कारण साइटिंगच्या फैरी ज्या काडतुसाने झाडाव्यात त्यानेच पुढचे गुण काढावेत. तरीही सामना पार पडला याचे मला समाधान आहे. मिसळलेली काडतुसे कोल्हापुरात परत आल्यावर उभ्या स्थितीच्या सरावात संपवली. लेखी तक्रारीला पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

तेव्हापासून पेटी निवडताना मी एकच प्रश्न विचारते: हे खोके अनोळखी माणसाने उघडले तर काडतुसाला हात न लावता त्याला नग आणि वजन दोन्ही कळतील का? बाजारात काडतुसांसाठी मिळणारे, आत पन्नास किंवा शंभर भोके असलेले प्लॅस्टिकचे डबे रेंजवर सोयीचे असतात, परंतु प्रवासासाठी मी ते नाकारले, कारण कंपनीची मूळ डबी टाकून दिली की लॉट क्रमांकही जातो आणि तपासणाऱ्याला वाचायला काहीच उरत नाही. कापडी पाऊच मी पूर्णपणे बाद केला. आता कंपनीची मूळ डबी तशीच ठेवते आणि प्रत्येक डबी पारदर्शक पिशवीत घालून वरून टेप लावते. अर्धवट डबी कधीही नेत नाही. पन्नासची पूर्ण डबी असेल तरच ती पेटीत जाते. पेटी कठीण प्लॅस्टिकची, दोन कुलुपांची जागा असलेली आणि आत डब्या हलणार नाहीत एवढ्याच मापाची असावी. मोठी पेटी घेऊन उरलेल्या जागेत कपडे कोंबण्याचा मोह टाळावा, कारण तपासणीत ते कपडे बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर डब्याही निघतात.

झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवते. त्यावर डब्यांची संख्या, एकूण नग, प्रत्येक लॉटचा क्रमांक, खोक्यासह वजन आणि परवान्याचा क्रमांक एवढे लिहिलेले असते. वजन घरीच करून घ्यावे. ५०० काडतुसे खोक्यांसह दोन किलोच्या आत बसतात, आणि एका स्पर्धेला एवढी पुरेशी असतात. जास्त नेल्याने कौशल्य वाढत नाही, प्रश्न वाढतात. किल्ली हँडबॅगेत नव्हे, अंगावर ठेवावी. दोन मैत्रिणींनी मिळून एकाच पेटीत काडतुसे न्यायची नाहीत, हे वर आलेच आहे, पण मुली हे हमखास करतात म्हणून पुन्हा सांगते.

रोजच्या सरावाला मात्र हा सगळा थाट नको. स्कूटरच्या डिकीत काडतुसे ठेवू नयेत, कारण उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेने डिकी तापते. ही काडतुसे ध्वनीच्या वेगाच्या जरा खालीच चालावीत अशा बेताने बनवलेली असतात, आणि तापमान बदलले की त्यांचा वेगही बदलतो. मी सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीपासून दूर ठेवते. रेंजवर वापरायला मी सुताराकडून सागवानी ठोकळा करून घेतला आहे. पुंगळी ५.७ मिलिमीटरची असते, म्हणून भोक ६ मिलिमीटरचे पाडले की काडतूस सैलसर बसते आणि कड वर राहते. सहा रांगा दहा-दहाच्या ठेवल्या, कारण सामन्यातली मालिकाच दहा फैरींची असते, आणि साइटिंगची भोके वेगळ्या बाजूला ठेवली. किती फैरी झाल्या हे त्यामुळे मान न वळवता कळते.

पुढच्या विमानप्रवासात तपासणाऱ्या बाईंनी झाकणावरचा कागद वाचला, पिशव्यांतल्या डब्या मोजल्या, वजन केले आणि "हे बरे केलेत" असे म्हणून सही केली. त्या वाक्याने मला जो आनंद झाला तो एखाद्या चांगल्या मालिकेनंतर होतो तसा होता.

पालकांना आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे, आणि खरे तर ती मी सर्वांत आधी लिहायला हवी होती. प्रवासाच्या आदल्या रात्री नेमबाजीचे जाकीट, पँट, हातमोजा, रायफलच्या पेटीचा फोम आणि सॅकचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. एखादे सुटे काडतूस शिवणीत अडकलेले असते, आणि केबिनच्या सामानात ते क्ष-किरण यंत्रावर दिसले की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक नव्हता म्हणून न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केल्याची उदाहरणे आहेत, परंतु तोपर्यंत स्पर्धा निघून गेलेली असते. रिकाम्या पुंगळ्यांनाही हेच लागू धरावे. ज्या बॅगेने कधी रेंज पाहिली असेल ती बॅग केबिनमध्ये नेऊच नये. मी त्यासाठी वेगळी बॅग ठेवली आहे आणि ती रेंजच्या फाटकाच्या आत नेत नाही.