हुम्बोल्टहाइन: बर्लिनच्या झाडीतला तोफांचा बुरूज

बर्लिनला येणारे आपले लोक बहुतेक ब्रांडेनबुर्ग गेट आणि भिंतीचे तुकडे बघून परततात. अर्धा दिवस हाताशी असेल तर गेझुंडब्रुनेन स्टेशनला उतरून हुम्बोल्टहाइन बागेत जाच. तिथली गर्द झाडीची टेकडी मुळात टेकडी नाहीच. पोटात काँक्रीटचा बुरूज आणि त्याभोवती बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांचा राडारोडा. झाडं त्यावर नंतर लावली.

बुरूज दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये उभा राहिला. उंची सुमारे 42 मीटर, छप्पर साडेतीन मीटर जाड. माथ्यावर विमानवेधी तोफा, आत हजारो नागरिकांना आसरा. 1943 नंतर या तोफांवर शाळकरी मुलांनाही जुंपलं, हे वर उभं राहताना ध्यानात असू द्या.

युद्धानंतर विजेत्या देशांनी बर्लिन वाटून घेतलं, तेव्हा हा भाग फ्रेंचांकडे आला. त्यांनी सुरुंग लावून 1948 मध्ये दक्षिण बाजू पाडली. उत्तरेची बाजू मात्र ठेवावी लागली, कारण तिच्या पायथ्याशीच रेल्वेचे रूळ आहेत आणि रेल्वे सोव्हिएत ताब्यात होती. म्हणून बुरूज बघायचा तो उत्तरेच्या पायवाटेवरून. मान वर केली की भेगाळलेलं काँक्रीट आणि तुटल्या कडांतून बाहेर आलेल्या गंजक्या सळया दिसतात. त्याच भिंतीवर आता गिर्यारोहक दोर लावून सराव करतात.

वरच्या गच्चीवर जायला तिकीट नाही. गड चढणाऱ्याला ही चढण काहीच नाही. आत मात्र ‘बर्लिनर उंटरवेल्टन’ या संस्थेच्या मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, तेही साधारण एप्रिल ते ऑक्टोबर; थंडीत आत वटवाघळं झोपलेली असतात, म्हणून बंद. डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांची हमखास निराशा होते ती इथे. शिवाय सँडल किंवा उंच टाचा घातल्या असतील तर दारातूनच परत पाठवतात, कारण आतली जमीन फुटकी आणि उंचसखल आहे. अगदी लहान मुलांना प्रवेश नाही, फोटोही काढू देत नाहीत. बाहेर कडक ऊन असलं तरी आत गारठा असतो, जाडसर जॅकेट हवंच.

हिवाळ्यातच आलात तर निदान बाहेरून पाहा. पानं गळल्यामुळे उन्हाळ्यात झाकलेली भिंत तेव्हा मोकळी दिसते. बर्फ पडून गेल्यावर मात्र पायऱ्या फार निसरड्या होतात, कठडा धरूनच उतरा.