पाळणाघराची वेबसाइट आणि फाटकाजवळची वही

आमच्या पाळणाघराच्या फाटकाजवळ खिळ्याला एक वही टांगलेली असते. पुढून हजेरी, म्हणजे लेकरू कोणी आणलं, किती वाजता आणलं, कोण घेऊन गेलं, सही. आणि मागच्या पानांवर माझी जाऊ गेली सहा वर्षं वेगळंच काहीतरी लिहिते, फोनवर किंवा फाटकाशी उभं राहून कोणी काही विचारलं की ते त्यांच्याच शब्दांत जसंच्या तसं उतरवून ठेवते. तिला कोणी सांगितलं नव्हतं हे करायला. नवीन वेबसाइट करायची ठरली तेव्हा मी रात्री जेवणं झाल्यावर ती वही घेऊन बसले आणि दोन तासांत मला कळलं की आमची अख्खी वेबसाइट इथेच लिहून तयार आहे, फक्त उत्तरं भरायची राहिली आहेत.

काय काय विचारतात लोक! "सोयाबीन सोंगाले सहाले निघा लागते, तेवढ्या सकाळी लेकराले घेता का?" "पोरगी झोळीशिवाय झोपत नाई, झोळी हाये का तुमच्याकडं?" "लाइट गेली त कूलरचं काय?" "माहेरचं कोणी घ्याले आलं त द्याल का?" एका कोलामाच्या बाईनं विचारलं होतं की माझं लेकरू अजून मराठी बोलत नाही, त्याला पाणी पाहिजे असलं तर तुम्हाला कळेल का. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या पुढे राहतो, कोलामी आणि गोंडी बोलणारी घरं आजूबाजूला भरपूर आहेत, आणि हा प्रश्न कुठल्याच तयार टेम्प्लेटमध्ये सापडणार नाही. (कळतं आम्हाला. आमच्या मदतनीस ताई स्वतः कोलाम आहेत. पण हे आमच्या जुन्या साइटवर कुठेच लिहिलेलं नव्हतं!)

जुन्या साइटबद्दल सांगावंच लागेल. तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एकाकडून करून घेतली होती, पैसे आधी दिले. उघडली की वर भुऱ्या केसांच्या गोऱ्या लेकरांचे फोटो एकामागून एक सरकायचे, त्याखाली इंग्रजीत मोठमोठी वाक्यं, आणि फोन नंबर पार खाली. फोटो इतके जड की आमच्या गावात दुपारी ते उघडायचेच नाहीत, नुसतं पांढरं पान. संपर्काचा फॉर्म होता तो एका ईमेलवर जायचा, आणि त्या ईमेलचा पासवर्ड आम्हाला कधी मिळालाच नाही. वर्ष संपलं, साइटचं नाव रिन्यू करायची वेळ आली तेव्हा समजलं की नाव त्याच्याच नावावर रजिस्टर आहे. फोन उचलणं बंद. पुढे कसंबसं ते ईमेल उघडलं तर त्यात बदली होऊन आलेल्या एका मास्तरीणबाईंचा मेसेज होता, जूनमधला, आणि आम्ही तो वाचत होतो दिवाळीत. त्यांनी तोवर गावाकडून सासूला बोलावून घेतलं होतं, आणि सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास. मला ते अजून लागून राहिलंय.

म्हणून यावेळी पहिलं काम हेच केलं की डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतलं आणि पासवर्ड मी आणि जाऊ दोघींच्या डायरीत लिहून ठेवला. बाकी काहीही नंतर केलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट, साइट नेमकी कोणासाठी ते आधी ठरवा. आमच्याकडे दोन प्रकारच्या आया येतात. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया वेबसाइट बघून येत नाहीत, त्या शेजारणीला विचारून येतात, नाहीतर ज्या शेतात वेचणी आहे त्या मालकिणीला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीला साडीची झोळी बांधून लेकरू निजवायचं आणि तासातून एकदा येऊन बघून जायचं हे त्यांनी वर्षानुवर्षं केलंय, त्यांना पाळणाघर म्हणजे काय हे समजवायला वेबसाइट लागत नाही, विश्वास लागतो. त्यांच्यासाठी मी व्हॉट्सअॅपवर पाठवता येईल असं एकच चित्र करतेय, मोठ्या अक्षरांत वेळ, हंगामाचा रोजचा दर आणि फोन, आणि सोबत जाऊच्या आवाजातली एक छोटी व्हॉइस नोट, कारण ऐकणं सगळ्यांनाच जमतं.

वेबसाइट आहे ती बदलीवाल्यांसाठी. नर्सताई, बँकेतल्या, शिक्षिका, पोलिस खात्यातल्या. ऑर्डर हातात पडते आणि दुसऱ्या जिल्ह्यात बसून त्या मोबाइलवर शोधतात की त्या गावात लेकरू ठेवायला कोणी आहे का. सरकारी नोकरीतली १८० दिवसांची बाळंतपणाची रजा संपते तेव्हा लेकरू जेमतेम सहा महिन्यांचं असतं, त्यामुळे "किती महिन्यांपासून घेता" हे त्यांना सगळ्यात आधी पाहिजे, आणि आपण लिहितो काय तर "आमचं ध्येय". ध्येय वगैरे राहू द्या. पान उघडल्याबरोबर स्क्रोल न करता पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत, गाव आणि तालुका, वय किती ते किती, वेळ कुठून कुठपर्यंत, फोनचं बटण आणि व्हॉट्सअॅपचं बटण. नंबर नुसता चित्रात छापून उपयोग नाही, बोट लावलं की फोन लागला पाहिजे. आणि विदर्भाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात, बाकी महाराष्ट्रात आठ-पंधरा दिवस आधीच सुरू झालेल्या असतात, तर बाहेरून येणाऱ्या बाईला आपलं वर्ष कधी सुरू होतं आणि मे महिन्यात आपण चालू असतो की बंद, हे स्पष्ट लिहून द्या.

उन्हाचं तर मी वेगळं पानच करतेय. ४५ च्या वर पारा जातो तेव्हा दोन वर्षांच्या लेकराच्या आईच्या डोक्यात दुसरं काही नसतं. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आहेत, कूलर दोन आहेत, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखे चालतात पण कूलर चालत नाही (हे खरं लिहायचं, लपवायचं नाही), सकाळी अकरानंतर संध्याकाळी पाचपर्यंत कोणाला अंगणात सोडत नाही, दुपारी कैरीचं पन्हं किंवा ताक असतं. मोठी लेकरं पाणी मागून घेतात, लहान्यांना आम्ही घड्याळ बघून पाजतो.

फीवरून आमच्या दोघींत चांगलंच वाजलं. जाऊ म्हणते, "फी लिहू नको, लोक पाहतात अन् येतच नाई." माझं म्हणणं असं की जी बाई फी बघून येणार नाही ती फाटकावर येऊनही परतच जाईल, फक्त तिचा अर्धा दिवस आणि ऑटोचे पैसे वाया जातील. शेवटी तिन्ही दर लिहायचं ठरलं, महिन्याचा, अर्ध्या दिवसाचा आणि हंगामात रोजचा, आणि त्याखाली उशीर झाला तर काय तेही. एसटी लेट झाली म्हणून आम्ही कधी दंड घेतलेला नाही, तर तेही लिहिलं.

आता फोटो. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

मागच्या पावसाळ्यात एक बाई आली होती, कडेवर दीड वर्षाचा मुलगा, दुसऱ्या हातात ओली छत्री. सगळं विचारून झालं, नाव लिहून झालं, आणि मग ती उंबरठ्यावरून परत फिरली आणि हळूच म्हणाली, "ताई, याचा फोटो कुठं टाकू नका बरं. त्याच्या बापाले मालूम पडलं आम्ही कुठं हावो त तो येते." छत्रीचं पाणी तिच्या चपलेवर गळत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या रात्री मी आमच्या पेजवरचे लेकरांचे सगळे फोटो एकेक करून काढून टाकले. १५ ऑगस्टचे, कृष्णजन्माचे, वाढदिवसाचे, सगळे. कितीतरी आयांना विचारलंच नव्हतं आम्ही, गृहीत धरलं होतं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच धरलाय आणि त्याची माहिती वापरायला आईबापाची पडताळणी करता येईल अशी संमती मागितलीय. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. लेकराचा चेहरा, नाव, गणवेश आणि पाळणाघराचा पत्ता एका जागी ठेवणं म्हणजे अनोळखी माणसाला घराची वाट दाखवणं आहे. नवीन साइटवर एकही चेहरा नसेल. फोटो असतील ते जागेचे. झोळ्यांची रांग, फाटकाची वरची कडी जी लेकराचा हात पुरणार नाही इतक्या उंचावर आहे, बुटका नळ, स्वयंपाकाची खोली आणि तिचं वेगळं दार, संडासातलं लहान भांडं, भिंतीवरचं अग्निशामक. आई हेच बघायला येते ना! दिवसाउजेडी मोबाइलवर काढायचे, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून, आणि टाकायच्या आधी साइज कमी करून. कॅमेरे आमच्याकडे आहेत पण त्याचं थेट चित्रण नेटवर दाखवायचं नाही हेही पक्कं. बघायचं असेल तर या, कधीही या. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात बदल झाला तेव्हापासून ५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून ४ वेळा लेकराकडे जाता येतं. तो नियम आमच्यासारख्यांसाठी नाही, पण त्यातली आईच्या येण्याची गोष्ट मला फार आवडली, म्हणून आमच्या साइटवर लिहितेय की चार काय, कितीही वेळा या, फाटकावर कोणी अडवणार नाही.

चौकशीच्या फॉर्ममध्ये फक्त तीन रकाने ठेवलेत, लेकराचं वय, तुमचं गाव, फोन. आधार वगैरे नेटवरून मागायचं नाही.

आजारपणाचं पान लिहिताना नर्सताईंची मदत झाली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंटची (पाच आजारांवरची एकत्र) लस घेतली की लेकराला बरेचदा ताप येतो. आमच्याकडे बरेच जण सहा महिन्यांनंतर येतात, पण पुढे ९ महिन्यांचा गोवर-रुबेला आणि दीड वर्षाचे डोस आहेतच, तर लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लेकरू घरीच ठेवा असं लिहिलं. औषध द्यायचं तर डॉक्टरची चिठ्ठी आणि आईची सही, चमचाभर सिरपसुद्धा आम्ही मनानं पाजत नाही. तातडीला १०८.

आणखी एक, अंगणवाडीचं. काही जण विचारतात पाळणाघरात टाकलं तर अंगणवाडीतून नाव काढायचं का. अजिबात काढू नका! १९७५ पासून चाललेली योजना आहे ती, वजन, लसीकरण, घरी न्यायचा आहार हे सगळं तिथून मिळतं. आम्ही सेविकाताईंशी बोलून ठेवलंय, वजनाच्या दिवशी लेकरं आम्हीच घेऊन जातो. हे साइटवर लिहिलं तर धंदा कमी होईल असं एकानं सांगितलं मला. होऊ दे.

मजकूर मराठीतच ठेवतेय, खाली थोडं इंग्रजी. डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेला मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होता, साइटवर चिकटवला तर नुसता किचाट, आणि तसा मजकूर गूगलला शोधताही येत नाही, म्हणून सगळं मोबाइलवर युनिकोडमध्ये परत टाइप केलं. फॉन्ट मुक्ता घेतला, फुकट आहे आणि जोडाक्षरं स्वच्छ दिसतात. लोक शोधताना "पाळणाघर" कमी आणि "डे केअर" जास्त टाकतात, तेही इंग्रजी अक्षरांत, म्हणून दोन्ही शब्द पानावर साध्या वाक्यात आणलेत. आणि गूगल मॅपवरची आमची खूण मागच्या गल्लीत विहिरीजवळ पडत होती, ती ओढून फाटकावर आणली.

काल कच्चं पान प्रिंट काढून सासूबाईंना वाचून दाखवलं, कारण बदलीवाल्या सुनेच्या घरीही ते कोणीतरी सासूला वाचूनच दाखवणार आहे. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या. सगळं ऐकलं, कूलर, फी, लस, सगळं. मग म्हणाल्या, "हे सारं ठीक हाये. पण लेकरू रडलं त त्याले उचलन कोण?"

जाऊनं उठून वही आणली आणि मागच्या पानावर तो प्रश्न लिहिला. आता पहिल्या पानावर, फोन नंबरच्याही वर, त्याचं उत्तर टाकायचंय, कोणत्या खोलीत कोण असतं आणि एकीच्या वाट्याला किती लेकरं येतात ते आकड्यासकट. उद्या दुपारी लेकरं झोपली की आम्ही दोघी ते लिहायला बसतोय.