शनिवारची ४० मिनिटे आणि एक रकाना

गेल्या वर्षी माझे एक यंत्र ४० दिवस बंद पडून होते. त्यांपैकी प्रत्यक्ष दुरुस्तीला दोन दिवस लागले. उरलेले ३८ दिवस एका अर्जातील ‘पॅनेलच्या फिल्टरची शेवटची सफाई : तारीख व सही’ या रकान्याने खाल्ले. पॅनेल म्हणजे यंत्राची विजेची पेटी. तो राग अजून पुरता गेलेला नाही. धुळीपासून यंत्रे कशी सांभाळावीत हे मला आता बऱ्यापैकी समजले आहे, पण ते त्या रकान्याशी झगडताना समजले, म्हणून सांगायचे तर तेथूनच सांगावे लागेल.

बेळगावच्या उद्यमबागेत माझा लहानसा कारखाना आहे. दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी तीन यंत्रे, एवढाच पसारा. काम बहुतांशी बिडाचे (ओतीव लोखंडाचे), म्हणजे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी आणि पंपांची झाकणे. भिंतीपलीकडे फेटलिंगची, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याची, शेड आहे, तेथे दिवसभर ग्राइंडर चालतात. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात त्यातील बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने असतो. असे बीड कूलंटशिवाय, म्हणजे थंड करणारा द्रव न सोडता, कापले की त्याची पीठासारखी काळी भुकटी होते. रस्त्यावरची आमची तांबडी धूळ पंखे आणि जाळ्या बुजवते व उष्णता कोंडते, हे कोणालाही दिसते. बिडाची भुकटी मात्र त्याहून वाईट, कारण तिच्यात लोखंड आणि ग्राफाइट दोन्ही असल्यामुळे ती वीज वाहून नेते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ती टर्मिनलांवर बसली की दोन तारांच्या मध्ये जणू तिसरीच तार तयार होते.

व्हीएमसी २४ जून २०२४ रोजी चालू झाली आणि १२ मे २०२५ रोजी, म्हणजे वर्षाची वॉरंटी संपायला सहा आठवडे उरले असताना, तिचा स्पिंडल ड्राइव्ह, म्हणजे हत्यार फिरवणाऱ्या मोटरला वीज पुरवणारा भाग, गेला. त्याआधी काही दिवस ‘ड्राइव्ह गरम’ असा इशारा पडद्यावर येत होता आणि आम्ही दर वेळी रीसेटचे बटण दाबून काम पुढे रेटत होतो. हे मी लपवून ठेवले असते, पण यंत्र स्वतःच इशाऱ्यांचा इतिहास तारीखवार साठवून ठेवते, आणि कंपनीकडून तपासणीला आलेल्या मुलाने पहिल्यांदा तेच पान उघडले.

नवा ड्राइव्ह दोन लाखांच्या वर होता, त्यामुळे वॉरंटीचा अर्ज करणे भागच होते. अर्ज बेंगळुरूच्या सेवा कार्यालयाकडे जायचा. यंत्राचा क्रमांक, बिल, बिघाडाचे वर्णन हे सगळे अर्ध्या तासात भरून झाले. त्या रकान्यापुढे मी ‘नियमित केली जाते’ असे लिहिले आणि पॅनेलचा एक फोटो जोडून दिला. आठ दिवसांनी अर्ज परत आला. ‘नियमित’ ही तारीख नव्हे, असा एका ओळीचा शेरा होता आणि खाली दुसरी ओळ अशी की, फोटोच्या कोपऱ्यात टेबल फॅनचे पाते दिसते, तर पॅनेलचे दार उघडे ठेवून यंत्र चालवले होते काय?

चालवले होते. मार्चच्या मध्यापासून आम्ही पॅनेलचे दार उघडून समोर टेबल फॅन लावला होता. हे आमच्या भागातील कितीतरी शेडमध्ये दर उन्हाळ्यात केले जाते आणि त्यात काही चूक आहे असे कोणालाच वाटत नाही. पॅनेलवर आयपी ५४ लिहिलेले असते, तो धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा. त्यातील ५ चा अर्थ असा की थोडी धूळ आत गेली तरी चालण्याला बाधा येईल इतकी ती जाणार नाही, पण हे सगळे दार बंद असतानाचे. दार उघडून पंखा लावणे म्हणजे शेडमधील भुकटी मोजून आत भरणे होय. थंडावा हवा असेल तर पॅनेलचा हीट एक्स्चेंजर (आतली उष्णता बाहेर टाकणारा भाग) किंवा एसी साफ करावा. आमच्या एक्स्चेंजरच्या पातळ पत्र्यांमध्ये भुकटी आणि तेलाची वाफ मिळून चक्क काजळीचा जाड थर झाला होता, आणि आम्हाला टेबल फॅनची गरज भासली ती त्यामुळेच.

दुसऱ्यांदा मी जे केले ते सांगायला आजही संकोच वाटतो. एका रात्री बसून मी कोऱ्या वहीत मागच्या वर्षभरातील सर्व शनिवार लिहून काढले, प्रत्येकापुढे ‘फिल्टर साफ’ असे लिहिले, सह्या केल्या आणि पाने स्कॅन करून पाठवली. सहा दिवसांनी बेंगळुरूहून फोन आला. बोलणाऱ्या बाईंचा आवाज अतिशय शांत होता. “सर, तुमची नोंद १ जूनपासून सुरू होते, पण यंत्र २४ जूनला चालू झाले. आणि ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. त्या दिवशीही बेळगावात तुमचा कारखाना चालू होता का?” चतुर्थीला उद्यमबागेत कोणाच्या शेडचे शटर उघडत नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. मी काहीच बोललो नाही. त्यांनीही अर्ज फेटाळला नाही, फक्त ‘मूळ नोंद पाठवा’ असे सांगून फोन ठेवला. त्या सौजन्याने मला अधिकच चीड आली, कारण मूळ नोंद नव्हतीच, आणि सफाई तर होत होती. मी स्वतः कितीतरी शनिवारी ती होताना पाहिली होती. झालेले काम केवळ कागदावर नाही म्हणून झालेच नाही असे मानणारे हे कोण, असे मी त्या आठवड्यात घरी आणि दारी इतक्या वेळा बोललो की शेवटी मुलगी म्हणाली, “बाबा, आता तुमची वॉरंटी संपेल.”

तोडगा निघाला तो मी न शोधता. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते खानापूरकडून रोज येतात. त्यांना नगावर इन्सेन्टिव्ह मिळतो. यंत्र कोणत्याही कारणाने थांबले की त्यांचे नग कमी होतात, म्हणून थांबल्याची वेळ ते उत्पादनाच्या वहीत कारणासह लिहून ठेवतात आणि महिनाअखेरीस माझ्याशी त्यावरून हुज्जत घालतात. ती वही मी नेहमी शेवटची बेरीज पाहण्यापुरतीच उघडत असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मामांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाले, “मालक, हे बघा, ह्यात चालंल का?” जवळपास प्रत्येक शनिवारी एक ओळ होती : ‘पंखा-जाळी साफ, ४० मि.’ खाली त्यांची सही, शेजारी सुपरवायझरची. निरनिराळ्या शाईत, कुठे कूलंटचा डाग, कुठे चहाचा. चतुर्थीचा शनिवार कोरा होता आणि दिवाळीतल्या पाडव्याचाही.

त्यात एक खिंडार होते. ८ मार्च २०२५ नंतरची नोंद थेट २६ एप्रिलची होती. मधले सहा शनिवार मोठ्या ऑर्डरच्या घाईत गेले होते आणि टेबल फॅनही तेव्हाचाच. या वेळी मी काहीही दुरुस्त केले नाही. वहीची पाने, फिल्टरच्या कापडाची दुकानाची बिले आणि ‘सहा आठवडे सफाई झाली नाही, दार उघडे होते’ असे माझ्या सहीचे पत्र पाठवले. त्याच सुमारास, रकाने वाचायची एव्हाना सवयच लागल्यामुळे, डिसेंबरमधील सेवा कार्यालयाच्याच मोफत भेटीचा अहवाल मी पुन्हा काढून पाहिला. ‘मागील डक्टमधील पंखे व हीट सिंक’ या रकान्यापुढे काहीच लिहिलेले नव्हते. ड्राइव्हची मुख्य उष्णता त्या मागच्या डक्टमधूनच, म्हणजे हवा जाण्याच्या पोकळीतूनच, बाहेर पडते, तिचे झाकण त्यांच्या अभियंत्याने उघडायचे असते, आणि भुकटी सर्वांत जास्त सापडली होती तीही तेथेच. तो अहवालही मी जोडला. त्या दिवशी टपाल पाठवताना मला जो आनंद झाला तो अगदीच निर्मळ होता असे म्हणता येणार नाही.

ड्राइव्ह विनामूल्य मिळाला, पंखे आणि अभियंत्याचा खर्च मला भरावा लागला. २१ जूनला यंत्र सुरू झाले.

आता आमच्याकडे चालते ते असे. सफाईची वेगळी वही मी मुद्दाम केली नाही, मामांच्या उत्पादनाच्या वहीतच एक रकाना वाढवला आणि त्या ४० मिनिटांचा इन्सेन्टिव्ह देऊ लागलो, म्हणून ती भरली जाते. वीज बंद केल्यावर ड्राइव्हवरच्या लेबलात दिलेला वेळ थांबायचे आणि चार्जचा दिवा विझल्याचे पाहूनच हात घालायचा, कारण आतले कपॅसिटर मेन स्विच पाडल्यानंतरही काही काळ विजेने भरलेले असतात. धूळ मऊ ब्रशने सैल करून व्हॅक्यूमने ओढून घ्यायची. कॉम्प्रेसरची हवा पॅनेलमध्ये मारायची नाही. तिच्याबरोबर पाणी आणि तेल येते आणि भुकटी कनेक्टरच्या आत जाऊन बसते. पंख्याचे पाते साफ करताना बोटाने धरून ठेवावे. दाराचे रबर आणि न वापरलेली केबलची भोके पाहावीत. आमच्या पॅनेलच्या तळाशी अंगठ्याएवढी दोन भोके वर्षभर उघडी होती आणि बसवणाऱ्यापासून माझ्यापर्यंत एकालाही ती दिसली नव्हती.

राहून गेले ते एक : एन्कोडरची (अक्षांची जागा मोजणाऱ्या भागाची) बॅटरी बदलायची असेल तर या सगळ्याच्या उलट, यंत्राची वीज चालू ठेवूनच बदलावी लागते, नाहीतर अक्षांचे मूळ स्थान पुसले जाते. सफाईला हात लावण्यापूर्वी पॅरामीटरचा (यंत्रात साठवलेल्या सेटिंगचा) बॅकअप घेऊन ठेवावा. आणि खंडेनवमीला यंत्राची पूजा सर्वांनीच करावी, पण हळदकुंकू आणि अक्षता पॅनेलच्या जाळीवर वाहू नयेत व नारळ तिच्यासमोर फोडू नये. आम्ही आता फुले टेबलावर ठेवतो.

परवा सेवा कार्यालयाचा नवा मुलगा वार्षिक तपासणीला आला होता. पुढचे दार उघडून, आत डोकावून त्याने अहवालावर सही करायला पेन काढले. मामांनी त्याच्या हातात मागच्या झाकणाचा पाना दिला.