चाळीस मिलिमीटर

२० डिसेंबर २०२०, रविवार. गुरू-शनीची महायुती, म्हणजे ते दोघे आकाशात अगदी जवळ दिसण्याचा योग, दुसऱ्या दिवशी, आणि आमच्या शाळेच्या दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्यात नुसता पिवळट, धुरकट गोळा दिसत होता. प्रतिमा स्पष्ट करायला मागेपुढे सरकते ती फोकसरची नळी पार आत ढकलली तरी गोळा काही बारीक होईना.

मी नारायणगाव पट्ट्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गच्चीवरून खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश दिसतात. दुर्बीण सहा इंची न्यूटोनियन, म्हणजे तळाशी आरसा असलेली, आरसा पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या कार्यशाळेत हाताने घासलेला, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, नळी पीव्हीसीची, खाली हाताने फिरवायची लाकडी डॉब्सोनियन बैठक. एरवी आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावायचा आणि बघायचं. पण करोनाच्या त्या वर्षी एकाच आयपीसला पन्नास-साठ जणांनी डोळा लावणं मला मान्य नव्हतं. शिवाय मास्क घातला की श्वासाची वाफ वर येते आणि काच धुकटते. म्हणून चित्र टीव्हीवर दाखवायचं ठरवलं. कॅमेरा दिला लग्नाचे फोटो काढणाऱ्या आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने.

कॅमेरा काढला आणि फोकसरच्या तोंडाशी बटर पेपरचा तुकडा धरून दुर्बीण चंद्राकडे वळवली. कागद मागेपुढे करता करता एका जागी चंद्रकोर लख्ख उमटली. शर्टाच्या बटणाएवढी, पण विवरांच्या कडांसकट. शिपाईमामांनी पट्टी लावली, नळीच्या टोकापासून २० मिलिमीटर. आता त्या कॅमेऱ्यात सेन्सर माउंटच्या कडेपासून ४४ मिलिमीटर आत असतो, कॅमेरा दुर्बिणीला जोडणाऱ्या टी-रिंगची जाडी ११. म्हणजे सेन्सर ५५ वर आणि प्रतिमा २० वर. फरक ३५ मिलिमीटरचा. डोळ्यासाठी बांधलेल्या बऱ्याच न्यूटोनियनांची हीच गत असते. आयपीसचं त्यात काही अडत नाही, कॅमेऱ्याचं अडतं. बार्लो भिंग प्रतिमा बाहेर ढकलतं, पण ते आमच्याकडे नव्हतं.

सोमवारी सकाळी नववी-दहावीच्या मुलांना गच्चीवर नेलं आणि समोरची डिश दाखवली. ४५ मीटर व्यासाची, आणि तिचं फीड, म्हणजे लहरी टिपणारा भाग, बरोबर नाभीवर, चार पायांवर टांगलेलं. ते थोडंही खालीवर झालं तर चालत नाही, आपल्याकडे तेच झालंय, म्हटलं. दहावीतली एक मुलगी जरा वेळाने म्हणाली, "बाई, कॅमेरा आत जात नाही ना, मग आरसाच पुढे आणू या."

तेच करायचं होतं, पण मी कचरत होते, कारण त्यासाठी नळीला भोकं पाडावी लागणार होती. ते तिच्या तोंडून आलं आणि माझी भीड मोडली.

आरसा काढून धुतलेल्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवला. आरशाच्या बैठकीच्या स्क्रूंसाठी तीन भोकं सारख्या अंतरावर हवी होती, म्हणून नळीभोवती कागदाची पट्टी घट्ट फिरवली, जोडावर कापली, तिच्या तीन समान घड्या घातल्या आणि पुन्हा गुंडाळून घड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. एक गणित मात्र आधी करून घेतलं. आरसा पुढे सरकला की प्रकाश फोकसरकडे वळवणाऱ्या छोट्या तिरप्या आरशापाशी प्रकाशाचा शंकू जास्त रुंद पडतो. आमच्या मापांनी तो २४ मिलिमीटरवरून २९ वर जात होता, आणि तिरपा आरसा ३२ चा. म्हणजे प्रकाश कापला जाणार नव्हता. थोडी सवड ठेवून ४० मिलिमीटर धरले. गावातल्या प्लंबरने ड्रिल चालवलं. तिन्ही भोकं पडेपर्यंत मी श्वास रोखूनच उभी होते.

आरसा बसवल्यावर कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं. आरशाच्या मधोमध फाइलच्या भोकाला लावतात तसली कागदी रिंग आधीपासून चिकटवलेली आहे. फिल्म रोलच्या जुन्या डबीला बारीक छिद्र पाडून त्यातून बघायचं आणि मागचे तीन स्क्रू फिरवत रिंग बरोबर मध्यावर आणायची. एक मुलगा डबीला डोळा लावून, मामा मागे स्क्रूवर. "मामा, थोडं उजवीकडे... थांबा, परत!" वीस मिनिटं हेच चाललं. मग दुर्बीण डिशवर रोखली. कॅमेऱ्यात तिची तारांची जाळी उमटली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. तीनेक किलोमीटरवरची वस्तू आणि तारे यांच्या फोकसमध्ये आमच्या दुर्बिणीत अर्ध्या मिलिमीटरचाच फरक पडतो, त्यामुळे संध्याकाळची चिंता मिटली.

चार वाजता दुर्बीण मैदानात सावलीत ठेवली, आरसा हवेइतका गार व्हायला हवा. झाकण मात्र घट्ट. नैर्ऋत्येला सूर्य असताना नळी उघडायची नाही, हा माझा नियम आहे. सूर्य पुरता बुडाल्यावर, सहा दहाला, मामांनी झाकण काढलं. अर्धा चंद्र डोक्यावर होता, त्याच्यावर फोकस पक्का केला. श्रवण तारा किंचित आउट ऑफ फोकस करून पाहिला, प्रकाशाची कडी एकात एक नीट बसली होती, म्हणजे कॉलिमेशन बरोबर होतं.

मग गुरू. कॅमेऱ्याचं थेट चित्र, लाइव्ह व्ह्यू, पाचपट मोठं केलं आणि टीव्हीवर एका बाजूला दोन पट्ट्यांचा गुरू, दुसऱ्या बाजूला कड्यासकट शनी. दोघांत जेमतेम सहा कलांचं, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाचं, अंतर. इतक्या जवळ ते १६२३ नंतर आले होते, आणि तेव्हा सूर्याजवळ असल्याने नीट दिसणं कठीण होतं. एक्स्पोजर वाढवला की गुरूचे चंद्र दिसायचे आणि पट्टे जायचे, कमी केला की उलट. मी दोन्ही दाखवत राहिले. दुर्बिणीला मोटर नाही, अर्ध्या मिनिटात एक ग्रह पडद्याबाहेर सरकायचा. सव्वा तास मामा तिला बोटाने हलकेच ढकलत होते, त्यांची पाठ टीव्हीकडे.

पावणेआठला गर्दी पांगली. मी कॅमेरा काढला, लेथवाल्याने कापून दिलेली जोडनळी घातली, कारण आता आयपीसला ती लागणारच होती, आणि २५ मिलिमीटरचं आयपीस बसवलं. "मामा, मास्क काढा आणि बघा."

ते वाकले. ग्रह डोंगराकडे उतरले होते, हवेने थरथरत असणार.

"बाई, हे आत्ताचं ना?"

"गुरूचा उजेड एकोणपन्नास मिनिटांपूर्वी निघालाय. शनीचा दीड तासापूर्वी."

त्यांनी डोळा न काढता हिशेब केला. "म्हणजे मी झाकण काढत होतो तेव्हा निघाला."

ग्रह डोंगराआड जाईपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. दुर्बीण तेव्हाही तेच ढकलत होते.