1890 ची खानेसुमारी विकत मिळत नाही : सलाइन काउंटीतील चार दिवस

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातील शेतकरी पूर्वज शोधायला निघणाऱ्यांना सर्वांत आधी सांगते : 1890 च्या खानेसुमारीची पाने मिळवून देतो असे जो कोणी म्हणेल, त्याला एक डॉलरही देऊ नका. आम्ही एका शोधसेवेला 240 डॉलर मोजले आणि हाती आल्या त्या कुठल्याशा जुन्या नामसूचीच्या छायाप्रती. 10 जानेवारी 1921 रोजी वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली; त्या आगीने आणि ती विझवण्यासाठी मारलेल्या पाण्याने बरीच पाने जळाली किंवा खराब झाली, आणि उरलेली बहुतेक पुढे सरकारनेच नष्ट केली. सहा कोटींहून अधिक माणसांपैकी जेमतेम 6,160 नावे शिल्लक आहेत आणि नेब्रास्काच्या कुटुंबयाद्यांचे त्यांत एकही पान नाही. हे आम्हाला पैसे भरल्यानंतर कळले, म्हणून हा वृत्तांत.

शोध होता माझ्या विहीणबाईंच्या माहेरचा. त्यांचे पणजोबा बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातून आले आणि 1862 च्या होमस्टेड कायद्याखाली त्यांनी नेब्रास्कातल्या सलाइन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 160 एकर जमीन धरली. पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे, जमीन कसायची आणि मग ती नावावर होणार, असा तो कायदा होता. 1880 च्या खानेसुमारीत या घरात पाच मुले आहेत. थेट 1900 मध्ये पणजीच्या नावापुढे दोन आकडे येतात : झालेली मुले नऊ, हयात सहा. मधल्या वीस वर्षांत कोणती तीन मुले गेली, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि विहीणबाईंना तेवढेच हवे होते.

ही वीस वर्षेच या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा आहेत. नेब्रास्कात जन्ममृत्यूची राज्यव्यापी नोंद 1904 मध्ये सुरू झाली, त्यामुळे त्याआधी वारलेल्या मुलांचे दाखले राज्याकडे नाहीत. मात्र 1885 मध्ये नेब्रास्कात एक जादा खानेसुमारी झाली होती आणि ती शाबूत आहे. ती फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर नुसते खाते उघडून विनामूल्य पाहता येते. आमच्या त्या शोधसेवेने तिचा उल्लेखही केला नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही.

नावाने मात्र शोधू नका. चेक आडनाव इंग्रजी लिहिणाऱ्या प्रगणकाने जसे कानावर पडले तसे उतरवले आहे. आमच्या आडनावातला आरंभीचा व्ही एकदा डब्ल्यू झाला, एकदा एफ. जन्मस्थानही त्याच माणसाचे कधी बोहेमिया, कधी ऑस्ट्रिया, तर 1920 मध्ये चेकोस्लोव्हाकिया. म्हणून आधी जमीन शोधा. केंद्रीय भूमी खात्याच्या जनरल लँड ऑफिस संकेतस्थळावर जमिनीचा पट्टा फुकट दिसतो आणि त्यावर टाउनशिप, रेंज, सेक्शन (साधारण एक चौरस मैलाचा चौकोन) असा मोजणीतला ठावठिकाणा असतो. आपल्या गट नंबरासारखाच तो उपयोगी पडतो. त्यावरून प्रिसिंक्ट, म्हणजे काउंटीचा पोटविभाग, ठरवा आणि त्याची सगळी पाने पहिल्यापासून वाचून काढा. शेजारी बहुधा तेच राहतात, त्यांच्यावरून आपले घर सापडते.

1885 च्या त्या पानावर मुलांची नावे नव्हती, नुसती आद्याक्षरे होती, पण वये जुळली. त्याच खानेसुमारीला मृत्यूंची वेगळी यादी जोडलेली आहे, त्यात 31 मे 1885 पूर्वीच्या एका वर्षातले मृत्यू आहेत. तिथे फिकट तपकिरी शाईत एक ओळ सापडली : मुलगी, वय चार, घटसर्प. विहीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही.

नेब्रास्कातल्याच बीट्रिस गावाजवळच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानातला दिवस सोपा आणि सुंदर गेला; प्रवेश विनामूल्य आहे आणि नेब्रास्काच्या होमस्टेड फायली तिथल्या संगणकांवर फुकट वाचता येतात. फाईल न वाचता परतू नका. आमच्या फाईलमध्ये नागरिकत्वाचा कागद, दोन शेजाऱ्यांच्या साक्षी, 14 बाय 16 फुटांचे घर, एक विहीर आणि किती एकर नांगरट झाली याची नोंद होती. आपला सातबारा मला तोंडपाठ आहे, पण माणसाच्या हातचे काम इतके बारकाईने टिपलेला सरकारी कागद मी पाहिला नव्हता.

आता रस्त्याविषयी. नेब्रास्काची राजधानी लिंकन; तिथून सलाइन काउंटीतले विल्बर गाव सुमारे तासाभरावर आहे आणि तिथवर काहीच अडचण नाही. पण मूळ शेत आणि कुटुंबाची दफनभूमी दोन्ही सेक्शनच्या हद्दीवरून जाणाऱ्या मातीच्या रस्त्यावर आहेत, आणि किमान देखभालीची पाटी लावलेला असा रस्ता पावसानंतर रस्ता उरत नाही. नकाशा तो इतर रस्त्यांसारखाच दाखवतो. त्यावर विसंबून आम्ही एप्रिलमधल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी गाडी घातली आणि अर्ध्या मैलावर ती चाकाच्या आसापर्यंत रुतली. चिखल काळ्या रानातल्यासारखाच, बुटाला धरला की सुटत नाही. दोन तासांनी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढले आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता बहुधा वर्ज्य असतो, तेव्हा नुकसान आपल्याच अंगावर येते. पाऊस पडून गेल्यावर दोन कोरडे दिवस जाऊ द्या, गाडी खडीच्या रस्त्यावर उभी करा आणि शेवटचा मैल चाला. गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत, परतल्यावर अंगावर गोचिडी तपासा, आणि कोणाच्याही शेतातून जाण्याआधी घरी जाऊन परवानगी मागा.

दफनभूमीत पोहोचलो तेव्हा मी इतकी दमले होते की परत फिरावे असे वाटत होते. मऊ ब्रश आणि साधे पाणी एवढेच सोबत न्या. तारेचा ब्रश किंवा खडू दगडाला लावू नका. आम्ही कुंपणापासून रांगेने वाचत गेलो. तिसऱ्या रांगेत एक बुटका दगड होता, शेवाळाने भरलेला. पाणी सोडल्यावर आधी चेकमधले शब्द उमटले, ‘झ्दे ओद्पोचीवायी’, येथे विसावले आहेत, आणि त्यांखाली दोन मुलगे, 1888 आणि 1891. विहीणबाईंनी बोटांवर मोजले : सहा, घटसर्पाची मुलगी, हे दोघे. नऊ झाले.