सात कार्बनांचा पूल

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेच्या गावठाणांत लग्नापेक्षा हळद मोठी. रात्रभर बेंजो वाजतो आणि सकाळी दोरीवर पांढरे सदरे पिवळे ठिपके मिरवत वाळत असतात. त्या ठिपक्यांना आपण डाग म्हणतो, म्हणजे त्यांना मळाच्या पंगतीत बसवतो. हा अन्यायच आहे. मळ कापडावर बसतो, हळद कापडात मुरते. म्हणून ब्रश घासून कॉलर विरते, पण पिवळा हलत नाही.

हळदीचा रंग म्हणजे मुख्यतः करक्युमिन. हळदीत ते वजनाने जेमतेम ३ ते ५ टक्के. एका रेणूत कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६. दोन्ही टोकांना सहा-सहा कार्बनांचं एकेक वलय आणि मध्ये सात कार्बनांचा पूल. सगळी गंमत या पुलात आहे. त्यावर एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, त्यामुळे तिथले इलेक्ट्रॉन एका अणूच्या दारात बसून राहत नाहीत, या वलयापासून त्या वलयापर्यंत पसरतात. ऐरोलीचा पूल झाल्यावर खाडीपलीकडचं मुलुंड कसं पलीकडच्या गल्लीत आल्यासारखं झालं, तसंच. इतक्या ऐसपैस पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना निळा-जांभळा प्रकाश पचतो, साधारण ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो गिळला गेला की डोळ्यांपर्यंत पोचतो तो पिवळा.

आता हा रेणू कापडाला का चिकटतो? सुती धागा म्हणजे सेल्युलोज, आणि त्याच्या साखळीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्याच जोड्या. करक्युमिनकडेही तशा आहेत. दोघांमध्ये हायड्रोजन बंध जुळतात, म्हणजे एकाच्या हायड्रोजनला दुसऱ्याच्या ऑक्सिजनची ओढ लागते. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे, म्हणजे बंधांच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे, साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते; हायड्रोजन बंधाला वीसेक पुरतात. म्हणजे एकेकटा अगदीच लेचापेचा, पण धाग्याला असे कितीतरी बंध मिळतात. त्यात करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मग नुसत्या पाण्याच्या बोलावण्याला ते कशाला बाहेर येईल? तेलात मात्र विरघळतं. रश्शाचा डाग उटण्याच्या डागापेक्षा खोल जातो तो यामुळे.

साबण लावला की पिवळा लालभडक होतो आणि घरात ओरड होते. घाबरू नये. साबणातला खार रेणूवरचा हायड्रोजन काढून घेतो, इलेक्ट्रॉन आणखी सैल होतात आणि प्रकाशातला हिरवाही गिळू लागतात, उरतो लाल. हळदीत चुना कालवून कुंकू करणाऱ्यांना हे केव्हापासून ठाऊक होतं. लिंबू पिळलं की लाल पुन्हा पिवळा होतो, आणि ‘लिंबाने डाग निघतो’ ही समजूत बहुधा इथूनच आली असावी. निघालेलं काहीच नसतं, फक्त हायड्रोजन परत आलेला असतो.

तेव्हा करायचं ते असं. वरची हळद चमच्याने खरवडा, चोळू नका. कोरड्या डागावरच भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाकून पंधरा मिनिटं ठेवा, म्हणजे तेल सुटतं. मग थंड पाणी. गरम पाणी आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य, उष्णतेने रंग धाग्यात आणखी आत शिरतो. नेहमीच्या पावडरीत धुवा, लाली जाईपर्यंत खळबळा, आणि ओलं कापड डाग वर करून उन्हात टाका. तीन-चार तासांत फरक दिसतो. राहिलाच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं करून टाका.

खरं काम ऊन करतं. करक्युमिनने गिळलेला प्रकाशच त्याच्यावर उलटतो, ऑक्सिजन मदतीला येतो आणि मधला पूल तुटतो. तुकडे धाग्यात राहिले तरी इलेक्ट्रॉनांना आपापल्या काठापुरतंच फिरता येतं, दिसणारा प्रकाश त्यांना पचत नाही, आणि रंग संपतो. त्या तुकड्यांपैकी एक असतो व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिला आइस्क्रीमच्या वासाचा तोच रेणू. सदऱ्याला मात्र वास येत नाही, तेवढं प्रमाण नसतं.

अडचण ठाण्यातल्या जुलैची. आठ-आठ दिवस ऊन नाही आणि टॉवरच्या बाल्कनीत काचेची सरकती खिडकी. काचेतूनही निळा-जांभळा प्रकाश येतो, त्यामुळे काम होतं, फक्त सावकाश. पांढऱ्या सुतीवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड अर्धा तास चालतं, मग भरपूर पाणी. रेशमी आणि लोकरी कपड्यांना क्लोरीनचं ब्लीच दाखवूही नका. ते धागे प्रथिनांचे, तिथे हळदीच्या आधी कापडाचेच बंध तुटतात. आणि डब्याचं पिवळं पडलेलं प्लॅस्टिकचं झाकण? तेही घासत बसू नका. ओलं करून कठड्यावर उन्हात ठेवा, वर एखादा दगड ठेवून, नाहीतर खाडीचा वारा खाली नेईल.